अंबरमध्ये प्रोप्लेबिया मधमाश्याच एवढ्या का सापडतात?

प्रश्न – अजनीकर
नमस्कार. मी नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील मायोसीन या भूशास्त्रीय काळातल्या अंबरमध्ये (म्हणजे झाडांच्या जीवाश्म झालेल्या राळेत) प्रोप्लेबिया या नामशेष प्रजातीच्या मधमाश्या विपुल सापडतात, इतर मधमाश्या मात्र विरळाच, असे वाचनात आले. यामागे काय कारण असावे? आणि नागपुरातल्या टाकळीसारख्या ठिकाणी जीवाश्म मिळत असताना आपल्याकडे अशी माशी सापडू शकेल का, असे विद्यार्थी विचारतात.

उत्तर – राळ आणि पराग
मॅडम, याचे कारण त्या माश्यांच्या कामातच आहे. प्रोप्लेबिया ही डंख नसलेल्या मधमाश्यांच्या गटातली असून, या गटातील माश्या राळ आणि मेण एकत्र करून पोळे बांधतात. त्यामुळे इतर कीटक राळेत अपघातानेच अडकत असले, तरी या कामकरी माश्या राळ गोळा करायला मुद्दामच झाडाच्या जखमेपाशी येत, आणि काहींच्या मागच्या पायांवर राळेचा गोळा अजूनही दिसतो. ते झाड हायमेनिया या शेंगवर्गीय प्रजातीचे होते.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा नमुना २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोप्लेबिया डोमिनिकाना जातीच्या एका कामकरी माशीच्या पाठीवर ऑर्किडचा परागपुंज (परागकणांचा गोळा) चिकटलेला होता, आणि त्यावरूनच मेलिऑर्किस कॅरिबिया या ऑर्किडचे वर्णन झाले. ऑर्किडचा तो पहिला निर्विवाद जीवाश्म होता. म्हणजे सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी कोणते फूल कोणत्या माशीकडून पराग वाहून घेत होते, याचा थेट पुरावा आपल्याला त्या एका तुकड्यातून मिळतो.

उत्तर – बेसाल्ट
टाकळीचे थर दख्खनच्या लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान साचलेले आहेत. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्र अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात तेथून गोड्या पाण्यातील शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले होते. अंबरसाठी मात्र गुजरातकडे पाहावे लागेल. सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींमध्ये सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अंबर मिळते. ते सालवृक्षाच्या कुळातील झाडांचे असून त्यात मधमाश्याही आहेत. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगा, कारण हा ठेवा आपल्याच देशातला आहे.

प्रतिसाद – अजनीकर
आपणा दोघांचेही आभार. या माश्यांमधून डीएनए मिळतो का?

उत्तर – राळ आणि पराग
१९९२ मध्ये याच माशीतून डीएनए मिळाल्याचा दावा झाला होता. परंतु नंतर इतर प्रयोगशाळांना अंबरमधील कीटकांतून तसा डीएनए मिळवता आला नाही, त्यामुळे तो आज ग्राह्य धरला जात नाही.