न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी: घाबरण्यासारखं काही नाही

वडिलांच्या एमआरआयमध्ये विशेष काही नाही, तरी न्यूरॉलॉजिस्टनी ही चाचणी सांगितली, म्हणजे त्यांना वडील वेडे वाटतात का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. स्मरण, लक्ष, भाषा, नियोजन कसं चाललंय ते या चाचणीतून कळतं.

ओपीडीत दहाएक मिनिटांत होणारी ३० गुणांची ‘मोका’ (MoCA) ही स्मरण-विचारशक्तीची छोटी चाचणी म्हणजे फक्त प्राथमिक चाळणी. सविस्तर चाचणीला काही तास लागतात, कधी दोन बैठका होतात. सुई नाही, मशीन नाही. शब्दांची यादी ऐकून लगेच आणि वीस-तीस मिनिटांनी पुन्हा सांगायची, आकडे उलटे म्हणायचे, मिनिटभरात जमतील तेवढी प्राण्यांची नावं घ्यायची. यादी आपणहून आठवली नाही, पण पर्याय दिल्यावर शब्द ओळखले, तर माहिती साठलेली आहे, बाहेर काढताना अडतंय. ओळखताही आले नाहीत, तर माहिती बहुधा साठलीच नाही. निदानासाठी हा फरक फार मोलाचा, आणि सरावाने तो झाकला जाऊ शकतो, म्हणून घरी सराव कृपया करून घेऊ नका.

प्रश्न अवघड होत जातात, सगळे कुणालाच येत नाहीत, हे बाबांना आधीच सांगा. गुण वय आणि शिक्षण पाहून तोलतात. चाचणी मराठीत होईल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. चष्मा, श्रवणयंत्र, औषधांची यादी न्या. कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका.

चाचणी घेणारे तुमच्याशीही बोलतील. पैशांचे घोळ, रस्ता चुकणं, उदासी, झोप, सगळं मोकळेपणी सांगा. बाबांसमोर जड जात असेल, तर वेगळी वेळ मागून घ्या.