आफ्रोबीटच्या नऊ मिनिटांच्या गाण्यात डिले-फिल्टरचं ऑटोमेशन एआयकडून लिहून घेताना घोळ होतोय

बडोदे_बास

मंडळी, मिक्स रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये चाललंय. गाणं ९ मिनिटांचं, टेम्पो मिनिटाला १०८ मात्रांच्या आसपास, चार मात्रांचा एक बार, म्हणजे साधारण २४३ बार. रेकॉर्डिंग बडोद्यातच एका फरशीच्या हॉलमध्ये, सगळे एकत्र वाजवत, क्लिकशिवाय (कानात मेट्रोनोम नव्हता). ड्रमवर सहा माइक, कोंगा, शेकेरे (मण्यांची जाळी असलेला भोपळा), बास, दोन गिटार, इलेक्ट्रिक पियानो, ट्रंपेट, आल्टो आणि बॅरिटोन सॅक्स, मुख्य गायक, कोरस.

हवंय एवढंच: ट्रंपेट-सॅक्सच्या ओळीचा शेवटचा सूर डिलेत, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टमध्ये, फेकला जावा आणि मधल्या मोकळ्या भागात गिटारवर हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) हळूहळू चढावा. असे फेक (डिले थ्रो) साठ-सत्तर होतात. हाताने एन्व्हलप (नॉब कधी किती फिरावा याची रेघ) काढत बसण्यापेक्षा एआय सहाय्यकाकडून ल्युआ भाषेतली स्क्रिप्ट लिहून घेतली. चार अडचणी:

१) सुरुवातीला फेक जागेवर पडतात, साठाव्या बारपर्यंत सेकंदभर सरकलेले असतात.
२) डिलेची शेपूट, म्हणजे मागे विरत जाणारे प्रतिध्वनी, मध्येच कापली जाते.
३) प्रत्येक फेकीवर टिक् असा आवाज येतो.
४) स्क्रिप्टची दुसरी आवृत्ती चालतच नाही, 'निल' अशी चूक दाखवते.

---

फेडरवाला_इंदूर

पहिलीचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: क्लिक नव्हता. स्क्रिप्ट बारचा आकडा घेऊन २.२२२ सेकंदांनी गुणत असणार. १०८ ला एक बार तेवढा. बँड १०९ वर गेला की बार २.२०२ चा होतो. फरक २० मिलिसेकंदांचा, पण ६० बारांत तो १.२ सेकंद होतो. तुमचं 'सेकंदभर' ते हेच.

उपाय टेम्पो मॅपचा, म्हणजे गाण्यात कुठे किती वेग होता याच्या नोंदीचा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस आधी 'टाइम' करा, नाहीतर मॅप बदलताना क्लिपा हलतील. मग दर चार बारांच्या पहिल्या किकवर टेम्पो मार्कर. स्क्रिप्टला सांगा की गुणाकार करू नकोस, रीपरच्या टाइममॅप फंक्शनकडून वेळ विचार.

चौथी: 'निल' (ल्युआत 'काहीच नाही') म्हणजे एआयने अस्तित्वातच नसलेलं फंक्शन ठोकून दिलंय, किंवा 'बीआर'ने सुरू होणारं घेतलंय. ती एसडब्ल्यूएस एक्स्टेन्शनची, वेगळी बसवावी लागतात. रीपरच्या हेल्प मेन्यूत रीस्क्रिप्टची (रीपरमधल्या स्क्रिप्टिंगची) फंक्शन-यादी उघडते. लागणारा भाग तिथून उचलून एआयला चिकटवा आणि 'यातलीच वापर' असं बजावा.

---

कोंगा_कट्टा

इंदूरकरांचं गणित बरोबर, पण या कामाला टेम्पो मॅप कशाला? साठ टेम्पो मार्कर लावण्यापेक्षा साठ फेकींचे मार्कर लावणं परवडलं. मार्करची जागा सेकंदांत मिळते, बारशी देणंघेणंच नाही. राहिली डिलेची वेळ. पाऊण मात्रा १०८ ला ४१७ मिलिसेकंद, १०९ ला ४१३. चार मिलिसेकंद या गाण्यात कोणाला कळणार नाहीत.

एआयला गाणं ऐकू येत नाही. 'ओळीच्या शेवटी फेक' म्हटलं की तो दर चौथा बार धरतो, आणि आफ्रोबीटच्या ओळी तशा संपत नाहीत, बहुतेकदा पहिल्या मात्रेच्या अलीकडे किंवा पलीकडे तुटतात. म्हणून जागा तुम्ही ठरवायची. गाणं चालू ठेवून 'एम' दाबत जा. हात थोडा मागे पडतोच, नंतर मार्कर सुराच्या सुरुवातीला ओढून घ्या. नाव द्या 'थ्रो ट्रंपेट ०.३०', म्हणजे कोणता ट्रॅक आणि किती सेकंद. मार्करमधला आकडा मात्र इंग्रजी अंकांत टाइप करा. ल्युआला देवनागरी अंक आकडे वाटत नाहीत, ती 'निल' देते आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

आता शेपूट. डिले थेट ट्रंपेटच्या ट्रॅकवर असेल आणि त्याचा मिक्स नॉब खाली येत असेल तर शेपूट कापलीच जाणार. नॉब बंद झाला की आतले प्रतिध्वनी ऐकू येणारच नाहीत. फेक डिलेच्या आधी उघडायची-मिटायची असते:

ट्रंपेटसाठी 'थ्रो ट्रंपेट' असा वेगळा ट्रॅक. मूळ ट्रॅकवरून त्याला पोस्ट-फेडर सेंड (फेडरनंतरचा आवाज पाठवणारी वाट), कायम चालू. नव्या ट्रॅकवर पहिला प्लगइन जेएसचा (रीपरसोबत येणारा प्रकार) व्हॉल्यूम अॅडजस्टमेंट, दुसरा डिले, पूर्ण वेट (फक्त प्रतिध्वनी), ड्राय (मूळ आवाज) शून्य. ऑटोमेशन फक्त पहिल्यावर. सुराला दार उघडतं, सूर आत गेला की मिटतं, डिले आपला वाजत राहतो. तिन्ही फुंकवाद्यांना वेगळे ट्रॅक हवेत. एकाच डिलेवर तिघांना पाठवलंत तर ट्रंपेटचं दार उघडताना बॅरिटोनही आत घुसेल.

टिक्चं कारण बहुधा एन्व्हलपच्या बिंदूचा आकार. स्क्रिप्टमध्ये आकार १ असेल तर तो चौकोनी, पातळी एका क्षणात उडी मारते. आकार ० ठेवा आणि चार बिंदू टाका: मार्करच्या ५ मिलिसेकंद आधी उणे ६० डेसिबल, मार्करवर ०, मुदत संपते तिथे ०, त्यापुढे २० मिलिसेकंदांवर पुन्हा उणे ६०. एक खबरदारी: जेएस प्लगइनच्या एन्व्हलपला त्याच्या स्वतःच्या एककातला आकडा लागतो, इथे डेसिबल, तर व्हीएसटी या दुसऱ्या प्रकारच्या प्लगइनच्या एन्व्हलपला ० ते १. एआय या दोन्हींची हमखास गल्लत करतो.

---

बडोदे_बास

वेगळ्या ट्रॅकने शेपूट वाचली, टिक् पण गेलं. आभार. पण स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की जुने बिंदू तसेच राहतात आणि हलवलेल्या मार्करच्या जुन्या जागीही फेक पडते. आणि एआयला नेमकं काय लिहून द्यायचं?

---

फेडरवाला_इंदूर

मॅपचा हट्ट सोडला, मार्करच बरे.

एआयला साधारण असं द्या:

«रीपरसाठी ल्युआ स्क्रिप्ट. सगळे मार्कर वाच. नाव 'थ्रो'ने सुरू होत असेल तर दुसरा शब्द वाद्य, तिसरा मुदत सेकंदांत. 'थ्रो' आणि वाद्य मिळून जे नाव होतं त्या ट्रॅकच्या पहिल्या प्लगइनच्या पहिल्या पॅरामीटरचा एन्व्हलप घे, नसेल तर तयार कर. क्रमांक शून्यापासून. त्या एन्व्हलपवरचे सगळे जुने बिंदू आधी पूस, शून्य सेकंदाला उणे ६० चा एक बिंदू ठेव. मग प्रत्येक मार्करला चार बिंदू, आकार ०. बिंदू टाकताना क्रम लावू नकोस, शेवटी एकदाच लाव. सगळं एका अंडू ब्लॉकमध्ये. ट्रॅक सापडला नाही तर थांबू नकोस, मार्करचं नाव कन्सोलवर छाप. दोन मार्करांच्या मुदती एकमेकींत शिरत असतील तर तेही छाप. एसडब्ल्यूएस वापरू नकोस.»

जुनं पुसण्याची ओळ विसरू नका. ती असली की मार्कर हलवा, स्क्रिप्ट पुन्हा चालवा, एवढंच उरतं. पहिल्यांदा प्रोजेक्टच्या प्रतीवर, आठ बारांत तीनच मार्कर लावून बघा.

---

शेकेरे_आणि_शेव

यंत्र जमलं, आता सुराचं बोलू. एआयला 'आफ्रोबीट' म्हटलं की तो बऱ्याचदा 'आफ्रोबीट्स' समजतो, म्हणजे २००० नंतरचं पश्चिम आफ्रिकेतलं पॉप. मग गळ्यावर ऑटोट्यून आणि सगळीकडे स्टिरिओ डिले सुचवतो. तुमचं ते नायजेरियातल्या लागोसचं, १९७० च्या दशकातलं, फेला कुटी आणि त्यांचे ड्रमर टोनी अॅलन यांच्या वळणाचं. हे पहिल्याच ओळीत सांगा.

त्या संगीतात गिटार एकमेकींच्या मोकळ्या जागेत वाजतात. एकीवर पाव मात्रेचा, १३९ मिलिसेकंदांचा डिले टाकलात की तो दुसरीच्या जागेवर बसतो आणि गुंफण चिखल होते. शेकेरे आणि हायहॅटला डिले अजिबात नको. रिव्हर्बही जपून, तुमच्या फरशीच्या हॉलने फुंकवाद्यांच्या माइकमध्ये तो आधीच भरलाय.

फीडबॅकचा, म्हणजे प्रतिध्वनी किती प्रमाणात परत डिलेत जातो त्याचा, हिशेब मांडून बघा. ३० टक्क्यांना प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा साडेदहा डेसिबल खाली. चार प्रतिध्वनींत ४२ डेसिबल गेले, वेळ १.६७ सेकंद, बार संपायच्या आत सगळं शांत. ६० टक्क्यांना दर वेळी साडेचारच उतरतात, तेवढंच खाली जायला चार सेकंद लागतात, आणि तोवर कोरसने उत्तर सुरू केलेलं असतं. मी २५ ते ३५ च्या वर जाणार नाही. डिलेच्या परतीला ३०० हर्ट्झखाली आणि ५ किलोहर्ट्झवर कापा.

साठ-सत्तर फेक मला जास्तच वाटतात. बडोद्याच्या गरब्याच्या स्टेजवर प्रत्येक ओळीला इको असतो, तो तिथे शोभतो. इथे एका भागात तीन-चार पुरे.

---

बडोदे_बास

सत्तरचे बावीस केले. फिल्टरचं राहिलं. गिटारवर ८० पासून ६०० हर्ट्झपर्यंत १६ बारांत चढवायचाय, पण स्क्रिप्टने पहिल्या दोन बारांतच आवाज पातळ केला.

---

कोंगा_कट्टा

फिल्टर व्हीएसटी आहे, तिथे ० ते १ लागतं, आणि ती पट्टी हर्ट्झमध्ये सरळ नसते. एआयने ६०० ला २०,००० ने भागून आकडा काढला असेल तर तो चुकणारच. अंदाज करू देऊ नका. नॉब हाताने ८० वर ठेवा, दोन ओळींच्या स्क्रिप्टने त्या पॅरामीटरची नॉर्मलाइज्ड (० ते १ मधली) किंमत छापून घ्या, मग ६०० वर ठेवून तेच. हे दोन आकडे एआयला द्या, मध्ये सरळ रेघ. पट्टी लॉगॅरिदमिक (हर्ट्झच्या दर दुपटीला सारखीच जागा देणारी) असेल तर सरळ रेघच कानाला सारखी चढल्यासारखी वाटते.

परत ८० वर येताना बिंदू पहिल्या मात्रेवर ठेवू नका, पाव मात्रा आधी ठेवा. बास आणि किक येतात तेव्हा गिटारचं अंग परत आलेलं असलं पाहिजे.