पॉवर स्टिअरिंग बंद पडलं, खर्च किती आला? आपापले अनुभव लिहा

कर्वेरोडी:

समोर सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आहे. स्टिअरिंग कॉलम असेंब्ली (चाकाखालचा दांडा, मोटरसकट) ३६,५०० रुपये, लेबर ३,२००, अलाइनमेंट ६००, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ४७,५५४. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, मूळ वॉरंटी कधीच संपली, वाढीव घेतलेली नाही. विकायला काढली तर साडेतीन लाख कोणी देईल का शंकाच आहे, आणि त्यातला जवळजवळ सातवा हिस्सा नुसतं चाक फिरवायला!

लक्षणं अशी: सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा. कधी बंद करून पुन्हा चालू केली की जातो, कधी नाही. दिवा असेपर्यंत बेसमेंटच्या रॅम्पवर वळण घेताना दोन्ही हातांनी ओढावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर तेवढा त्रास नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर, यात रिपेअर नसतं, सेट पूर्ण येतो." खरंच नसतं का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी गाडी किती जुनी, दोष काय निघाला, पैसे किती गेले, सगळं लिहा. शनिवारपर्यंत मला हो-नाही कळवायचंय.

पेठी:

आमच्या पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नव्हतंच, त्यामुळे बिघडलंही नाही. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या गर्दीत रिव्हर्स घेऊन दाखवायचो.

वायरमन हडपसर:

पेठी, तो काळ आणि ती गाडी वेगळी होती. पॉवर नसलेल्या गाडीचं स्टिअरिंग मुळात हलकं पडेल असंच बनवायचे. चाकाचे फेरे जास्त, पण जोर कमी. आताच्या गाडीत पुढचं वजन जास्त, टायर रुंद, फेरे कमी, सगळा हिशोब मोटरच्या भरवशावर. ती मोटर गेली की चाक पद्मिनीपेक्षा जड लागणारच.

कर्वेरोडी, हो म्हणण्याआधी हे वाचा. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, या दिव्याच्या गाड्या नेहमी येतात. तुमची इलेक्ट्रिक सिस्टिम आहे, म्हणजे तेल, पंप, पट्टा काही नाही. कॉलममध्ये एक टॉर्क सेन्सर असतो. तुम्ही चाक किती जोराने पिळताय ते तो मोजतो, कंट्रोलर त्याप्रमाणे मोटरला करंट देतो. उभ्या गाडीत चाक टोकापर्यंत फिरवलं की ही मोटर ५०-६० अँपिअरसुद्धा ओढते. हेडलाइटचे दोन्ही हॅलोजन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, यावरून अंदाज करा. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर स्वतःला वाचवायला मोटर बंद करतो आणि दिवा लावतो. गाडी स्टार्ट होते म्हणजे बॅटरी चांगली, असं धरू नका.

म्हणून आधी मल्टिमीटर. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. एसी आणि हेडलाइट लावून चाक दोन्ही टोकांना फिरवा. आकडा १२ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा अल्टरनेटर बघा. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि कोणाला तरी चाक फिरवायला सांगा. तिथे अर्धा व्होल्ट वगैरे दिसला तर अर्थिंग खराब. पावसाळ्यानंतर अर्थची पट्टी बोल्टखाली हिरवी पडलेली असते, घासून बसवली की झालं. माझ्याकडे गेल्या वर्षी पन्नास हजारांचं एस्टिमेट घेऊन आलेले एक काका बाराशे रुपयांत घरी गेले.

हे सगळं ठीक निघालं तर मग स्कॅन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणं. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, स्टिअरिंगचे 'सी' पासून सुरू होणारे कोड त्यांना दिसत नाहीत. ज्याच्याकडे सगळ्या सिस्टिमचा स्कॅनर आहे त्याच्याकडेच जा. पाच-सातशे घेईल. कोडचा प्रिंट घ्या, तोंडी नको. व्होल्टेजचा कोड, टॉर्क सेन्सरचा कोड आणि मोटरचा कोड, तिघांचा खर्च वेगवेगळा आहे. एस्टिमेटवर कोड लिहिलाय का तुमच्या?

कर्वेरोडी:

नाही लिहिलेला. "चेक केलं" एवढंच.

वडगावची:

आमचं हायड्रॉलिक (तेल-पंपाचं), सासऱ्यांची जुनी डिझेल सेडान. नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उतारावर होते, बाबा शेजारी. खाली काहीतरी फटकन वाजलं, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि चाक एकदम जड. हा उतार कसा आहे ते पुणेकरांना सांगायला नको, मागून भरलेले ट्रक येत होते. मी इंजिन बंद करायला हात नेला तर बाबा ओरडले, "अगं, किल्लीला हात लावू नकोस!" इंजिन बंद झालं तर ब्रेकचीही मदत जाते, आणि किल्ली मागे फिरवून काढली तर चाकच लॉक होतं. ब्रेक तोवर कडक होऊ लागलाच होता. मेकॅनिकने नंतर सांगितलं की आमच्या इंजिनात ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवरच बसवलाय, आणि तुटला होता तो एकच पट्टा अल्टरनेटर आणि स्टिअरिंगचा पंप दोन्ही फिरवायचा. ब्रेक सारखा मारून सोडायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. तिसरा, मग दुसरा गिअर टाकत, पार्किंग लाइट लावून डाव्या कडेला आले. चाक फिरतं, हे मुद्दाम लिहिते. मदत गेली तरी चाक आणि टायर यांचा सांधा लोखंडी असतो, तो तुटत नाही. फक्त ताकद लागते, आणि वेग कमी होईल तशी जास्त लागते.

पट्टा, टेन्शनर आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये. आंबेगावचा फिटर जागेवर येऊन बसवून गेला. गंमत म्हणजे त्याआधी महिनाभर सकाळी गाडी वळवताना कुईंऽऽ असा आवाज यायचा आणि एका गॅरेजने त्यासाठी पंप बदलायचे १६ हजार सांगितले होते. आवाज सैल पट्ट्याचा होता. पंप अजून तोच आहे.

बाणेर टेकडी:

आमच्याकडे उलट झालं. आवाज येतोय म्हटल्यावर सगळे "पट्टा असेल" म्हणत राहिले, निघाला रॅक (पुढचे टायर वळवणारा दांडा). गाडी वर उचलल्यावर मेकॅनिकने रॅकच्या टोकाचा रबरी बूट चिमटीत दाबला, तर आतून लाल तेल पचकन बाहेर आलं, मातीत कालवलेलं. बूट फाटलेला, आत चिखल जाऊन सील कापलं गेलेलं. टाकीतलं तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि त्याचाच तो घोगरा आवाज. टाकीचं झाकण उघडून फेस दिसतोय का बघा, दिसला तर हवा जातेय. वरून तेल टाकत चालवत राहिलो असतो तर पंपही गेला असता. आणि ज्या तेलाचं नाव झाकणावर किंवा पुस्तिकेत आहे तेच घाला, "सगळं एकच असतं" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

नवा रॅक ३१ हजार सांगत होते. भोसरीत एकाने सील किट टाकून जुनाच उघडून दिला, ७,८०० मध्ये, सहा महिन्यांच्या लेखी वॉरंटीसह. वर्ष झालं, थेंब नाही.

पौड फाटा:

आमचा खर्च सगळ्यात हास्यास्पद. स्पीडब्रेकरवर स्टिअरिंगमधून कटकट यायची. आणि पुण्यात स्पीडब्रेकर किती! लिंक रॉड बदलले, अप्पर माउंटिंग बदललं, साडेनऊ हजार गेले, कटकट तशीच. शेवटी सर्व्हिस सेंटर कॉलम बदला म्हणालं, ५२ हजार. मेव्हणा गॅरेज लाइनमध्ये आहे, त्याने कॉलम उघडवला. काही गाड्यांत मोटर आणि वर्म गिअर यांच्यामध्ये एक छोटं रबरी कपलिंग असतं. नाण्याएवढं, चांदणीसारख्या कडांचं. मेकॅनिकने ते तळहातावर ठेवून बोटाने दाबलं तर भुगा झाला. नवीन तुकडा तीनशेचा, मजुरी अडीच हजार, कारण कॉलम उतरवायला डॅशबोर्डखालचं बरंच सोडावं लागतं. कटकट बंद. आधीचे साडेनऊ हजार मात्र कोणी परत देत नाही.

एकतानगरीकर:

पाण्याचा अनुभव कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला आमच्या पार्किंगमध्ये गाडी सीटपर्यंत बुडाली. विमा कंपनीने क्लेम दिला, कार्पेट, सीट, स्टार्टर, वायरिंगचा काही भाग झाला. स्टिअरिंग तेव्हा चालत होतं म्हणून सर्व्हेअरने त्याकडे बघितलंही नाही. दिवाळीनंतर दिवा लागायला लागला. कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या आणि एक तुटलेली. कंपनीचं उत्तर: हे आता 'मेकॅनिकल ऑर इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन', पॉलिसीत बसत नाही. आणि शब्द खरेच तसे आहेत, पॉलिसी काढून बघा. पुराने झालेलं नुकसान बसतं, आपोआप बिघडलेलं बसत नाही. बिघाड पुरानेच झाला हे सिद्ध करायची कटकट आपल्या गळ्यात. शेवटी कनेक्टर आणि कंट्रोलरच्या दुरुस्तीचे ११ हजार स्वतः भरले.

पाण्यात गेलेली गाडी असेल तर क्लेम बंद होण्याआधी स्टिअरिंग, एअरबॅग आणि एबीएस या तिन्हींचे कनेक्टर उघडून बघायला सांगा आणि ते जॉबकार्डवर लिहून घ्या. आमच्या सोसायटीत तिघांनी असं केलं, त्यांना मिळालं.

जुना बाजारवाला:

सेकंडहँड कॉलमबद्दल. स्वस्त असतो, दहा-बारा हजारांत मिळतो, मीही घेतला. पण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटचे कंट्रोलर वेगळे असू शकतात. लेबलवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बसवल्यावर स्कॅनरने कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर चाक सोडल्यावर एका बाजूला ओढतं. माझं ओढत होतं. अपघातातल्या गाडीचा असेल तर शाफ्ट वाकलेला नाही ना, हेही बघून घ्या. खरं सांगायचं तर ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग भंगारातला घेऊ नये असं माझं आता मत झालंय. म्युझिक सिस्टिम घ्या खुशाल.

कर्वेरोडी:

वायरमन, तुम्ही सांगितलं तसं सगळं तपासून घेतलं. बॅटरी उत्तम, अर्थ स्वच्छ. मला वाटलं होतं बाराशेत सुटेन! स्कॅनमध्ये टॉर्क सेन्सरचा कोड, पुसला तरी परत येतो. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाला खोटं बोलत नव्हता, फक्त कागदावर लिहीत नव्हता.

वायरमन हडपसर:

मग त्याच्याशी भांडण नाही. बऱ्याच कॉलममध्ये हा सेन्सर सुटा मिळत नाही. कॉलम रिबिल्ड करणारे आहेत, पण सेन्सरच्या कामाला मी कोणाचं नाव सुचवत नाही. अधूनमधून बंद पडणाऱ्यापेक्षा कायम बंद असलेलं परवडतं, निदान हात तयार असतो. घाटात वळणावर मदत अचानक गेली तर वाईट. ताम्हिणी, वरंधा तूर्त नको.

शिवाजीनगर तारीख:

वकील आहे, फी न घेता दोन गोष्टी. एक, चॅसी नंबर टाकून रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का ते कंपनीच्या वेबसाइटवर बघा. स्टिअरिंगच्या भागांसाठी आपल्याकडे रिकॉल झालेले आहेत, त्यात नंबर असेल तर काम फुकट होतं, वॉरंटी संपली असली तरी. दोन, रिकॉल नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला सर्व्हिस हिस्टरी जोडून मेल करा, 'गुडविल' मागा. डीलरला तोंडी विचारलं तर तो नाहीच म्हणणार, मंजुरी वरून येते. सगळ्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झाल्या असतील तर पार्टच्या किमतीत सूट मिळू शकते. हक्क नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. काम केल्यावर तोच दोष परत आला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं. जुना काढलेला कॉलम बघायला मागा.

पेठी:

पद्मिनीला रिकॉल नव्हता.

कर्वेरोडी:

रिकॉलमध्ये नंबर नाही. मेल केला होता, पार्टवर ३० टक्के सूट मंजूर झाली. कराचा हिशोब धरून ३४,६३३ भरले. कॉलम नवा, वर्षाची वॉरंटी, चाक आता एका बोटाने फिरतं. पण काम झाल्यापासून एअरबॅगचा दिवा लागलाय. सर्व्हिस सेंटर म्हणतंय त्याचा याच्याशी संबंध नाही, वेगळं जॉबकार्ड करावं लागेल.

वायरमन हडपसर:

संबंध नाही कसा! चाकाच्या मागे क्लॉक स्प्रिंग असतो, गुंडाळलेली चपटी पट्टी. कॉलम काढताना तो मध्यावर ठेवून बांधायचा असतो. तसाच फिरू दिला आणि मग बसवला की एका बाजूला पूर्ण वळवताना पट्टी ताणून तुटते. नवं जॉबकार्ड करू देऊ नका, जुन्याच जॉबकार्डवर तक्रार लिहायला लावा, दुरुस्ती त्यांच्या खर्चाने. तोवर चाकाच्या पॅडला कोणालाही हात लावू देऊ नका, त्यात एअरबॅग आहे, बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय ते उघडायचं नसतं. आणि हॉर्न वाजतोय का बघा आत्ताच, त्याची तार त्याच पट्टीतून जाते.

कर्वेरोडी:

डावीकडे वळवल्यावर वाजत नाही. निघालोच.