रबराची चादर गुंडाळा, मुलांना सिम्युलेशन द्या: शाळेत व्यापक सापेक्षता शिकवावी का?

शून्यभार (धागाकर्ता):
व्यापक सापेक्षता म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत: वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वाकतात. शाळेत तो कसा दाखवतात? चादर ताणायची, मध्ये जड गोळा ठेवायचा, भोवती गोट्या सोडायच्या आणि ‘बघा, अवकाश वाकलं’ म्हणून मोकळं व्हायचं. हा प्रयोग मीही कित्येक वर्षं केला, आता बंद केलाय. गोटी खड्ड्याकडे घरंगळते ती खालच्या पृथ्वीमुळे. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच उसनं घ्यायचं! त्याहून वाईट म्हणजे त्या चादरीत काळ कुठेच नाही, आणि हातातला खडू खाली पडतो तो मुख्यतः काळाच्या वक्रतेमुळे (जमिनीजवळ घड्याळ उंचीवरच्यापेक्षा किंचित हळू चालतं).

माझं म्हणणं, नववीपासून हा विषय गुणात्मक पातळीवर आणावा, आणि तो मुलांनी स्वतः हलवून पाहायच्या डिजिटल साधनांनी, म्हणजे सिम्युलेशननी (संगणकावरच्या आभासी प्रयोगांनी). नॉर्वेत उच्च माध्यमिकच्या भौतिकशास्त्रात तो आहे, रेलेक्वांट प्रकल्पाने त्यासाठी ऑनलाइन पाठ बनवलेत. ऑस्ट्रेलियातला आइन्स्टाइन-फर्स्ट प्रकल्प तर प्राथमिक वर्गांपासून सुरुवात करतो. समीकरणं १९१५ची आहेत, अजून किती थांबायचं?

उलटतपासणी:
साफ असहमत. वस्तुमान आणि वजन यांतला फरक परीक्षा संपताच विसरणाऱ्या मुलांना अवकाशकाल (अवकाश आणि काळ एकत्र धरून)? आधी न्यूटन पचू द्या.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सिम्युलेशनमध्ये प्रकाश वाकतो, कारण प्रोग्रामरने तसं लिहिलंय. तिथे निसर्गाला विचारलेलंच नसतं. १९१९च्या खग्रास ग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर होते, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वळतो? आइन्स्टाइनचा आकडा १.७५ विकला (एका अंशात ३,६०० विकला), न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा. आकाश तिसरंच काही बोललं असतं तर? त्या धाकधुकीला विज्ञान म्हणतात. स्क्रीनवरच्या सरकपट्टीत, म्हणजे स्लायडरमध्ये, ती कुठून आणणार?

पाटीपेन्सिल:
दोघांनाही एक विनंती, प्लास्टिकची बाटली घ्या. बुडाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढून ठेवा. धार लागते. आता बाटली उंचावरून सोडून द्या. पडताना धार थांबते! १९०७ साली आइन्स्टाइनला सुचलेला समतुल्यतेचा विचार (मुक्तपणे पडताना वजन जाणवतच नाही) वर्गात उभा करायला एवढं पुरतं. यात प्रोग्रामर नाही, उत्तर निसर्गच देतो. (वर्ग पुसायची तयारी ठेवा.)

कोपऱ्यातला बाक:
मी अजून शाळेतच आहे. कृष्णविवराचं एक अ‍ॅप तासभर खेळलो, चित्रं झकास होती, कळलं काहीच नाही. एक शंका मात्र छळतेय. अवकाश वाकलेलं असेल तर चेंडू आणि बंदुकीची गोळी एकाच अवकाशातून जातात ना? मग चेंडूचा मार्ग एवढा कमानदार आणि गोळीचा जवळपास सरळ का?

शून्यभार:
@कोपऱ्यातला बाक, वा! चादर इथेच फाटते. २० मीटर अंतर धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. चेंडूला २ सेकंद लागले, तर तो ४.९ मीटर वर चढून उतरतो. गोळीला ०.०५ सेकंद, तिची कमान जेमतेम ३ मिलिमीटर. आता आलेखात काळाचा अक्ष जोडा आणि तो प्रकाशाच्या वेगाने मोजा. चेंडूने काळात ६ लाख किलोमीटर कापले, गोळीने १५ हजार. आता दोन्ही मार्ग सारखेच वाकलेले दिसतात, जवळपास एक प्रकाशवर्ष त्रिज्येच्या वर्तुळाचे तुकडे! हा अक्ष हळूहळू ताणताना बघणं फळ्यावर जमत नाही. साधन हवं ते इथे.

@उलटतपासणी, धाकधुकीबद्दल मान्य. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: आधी अंदाज वहीत लिहा, शेजाऱ्याशी भांडा, मग स्लायडरला हात लावा. उदाहरणार्थ, जीपीएस उपग्रहातलं घड्याळ उंचीमुळे रोज ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) पुढे जातं, वेगामुळे (वेगात असलेलं घड्याळ हळू चालतं) ७ मागे पडतं, म्हणजे निव्वळ ३८ पुढे. सुमारे ४०० किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकात मात्र वेगाची सरशी, घड्याळ मागे. मग मधली अशी कक्षा शोधा जिथे दोन्ही परिणाम फिटतात. मुलं अक्षरशः तुटून पडतात.

उलटतपासणी:
हे कोडं आवडलं, नाकारत नाही. पण त्याला स्लायडर कशाला? वर्तुळाकार कक्षा धरा, पृथ्वीचं फिरणं सोडा, बेरीज-वजाबाकी मांडा. कक्षेची त्रिज्या पृथ्वीच्या दीडपट येते, म्हणजे सुमारे ३,२०० किलोमीटर उंची. दोन सूत्रं दिली तर दहावीचं पोर वहीवर काढेल. सरकवून सापडलेलं ३,२०० म्हणजे नुसता आकडा. वहीतलं ‘दीडपट’ सांगतं की उत्तरात पृथ्वीचं वस्तुमान उरतच नाही, कुठल्याही ग्रहाला तेच.

शून्यभार:
हे वस्तुमान उडून जाणं मी कधी वर्गात दाखवलंच नव्हतं. चूक माझी. तरी क्रम बदलणार नाही. आकडा आधी हाताला लागला की ‘दीडच का?’ हा प्रश्न मुलंच विचारतात. सूत्र आधी दिलं तर कोणी विचारत नाही.

उलटतपासणी:
माझ्याकडे नववीच्या दोन तुकड्या आहेत. एकीला सूत्र आधी, दुसरीला स्लायडर आधी. हेच कोडं देऊन बघतो.

कोपऱ्यातला बाक:
सर, उत्तर तुम्ही वर लिहून टाकलंय. आमच्या वर्गातले निम्मे हा धागा वाचतात.