फेल्टचा छोटा नंदी : कडा लाटांसारख्या होतात, पाय भरत नाहीत

होटगी_रोडकर
फेल्टच्या (तंतू दाबून केलेल्या कापडाच्या) छोट्या बाहुल्या हाताने शिवायला नुकती सुरुवात केली आहे. ८ सेंमीचा पांढरा नंदी करायचाय, बाजूने दिसणारा, चार पायांवर उभा. नवी पेठेतून ए-फोर आकाराचं फेल्ट आणि अँकर कंपनीचा भरतकामाचा दोरा आणलाय. ब्लँकेट टाका (कडेवर दोरा अडकवत घालायचा टाका) घातला की कडेला लाटा येतात. पायांत आणि शिंगांत कापूस जात नाही, शिवाय टाक्याजवळ फेल्ट फाटतं. आणि पाठीवरच्या झुलीला सोलापुरी चादरीचा तुकडा चालेल का?

काजटाका
आधी नंदीला खाली बसवा! देवळातला नंदी बसलेलाच असतो, आणि शिवायलाही तोच सोपा. उभ्या नंदीचा पाय जेमतेम १ सेंमी रुंद. दोन्ही कडांचे ३-३ मिमी टाक्यात गेले की उरतात ४ मिमी, त्यात काय भरणार? बसलेल्या नंदीचं अंग म्हणजे एक गोलसर आकार. दुमडलेले पाय वरून उलटटाक्याच्या (दर वेळी सुई थोडी मागे नेऊन घातलेल्या सलग टाक्याच्या) रेघेने दाखवायचे. मान २ सेंमीपेक्षा अरुंद ठेवू नका, नाहीतर डोकं लुळं पडतं. शिंगं आणि कान भरायचेच नाहीत. शिंगाला दोन थर घ्या, मुळाशी ५ मिमी जास्त कापा आणि तेवढा भाग अंगाच्या दोन्ही तुकड्यांच्या मध्ये खोचून कडेबरोबरच शिवा.

फेल्ट विणलेलं नसतं, नुसते तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून कापल्यावर धागे सुटत नाहीत, पण कडेपासून १ मिमीवर टाका घेतला तर दोरा ते तंतू कापत बाहेर येतो. टाका ३ मिमी आत घ्या, दोन टाक्यांतलं अंतरही ३ ते ४ मिमी. यापेक्षा लांब टाक्यांतून भरण डोकावतं.

लाटा दोन कारणांनी येतात. एक, दोरा ओढला जातो. तो कडेवर नुसता टेकला पाहिजे, रुतता कामा नये. दुसरं, शिवताना वरचा थर सरकतो. इतक्या लहान तुकड्याला टाचण्या लावल्या तर तो वाकडा होतो, त्यापेक्षा दोन-तीन चिमटे लावा. दोन्ही थर एकदम कापू नका, खालचा नेहमी लहान-मोठा होतो. अँकरच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्या, लांबी हातभर. पांढऱ्या नंदीला पहिल्यांदा पांढराच दोरा वापरा. काळ्या दोऱ्यात प्रत्येक चुकलेला टाका लांबून दिसतो.

लडी_आणि_सुई
क्रमही महत्त्वाचा. डोळा, नाकपुडी, पायांच्या रेघा, झूल, हे सगळं अंगाचे दोन्ही तुकडे जोडण्याआधी करा, म्हणजे गाठी आत राहतात. मग पोटाखालच्या सरळ कडेपासून शिवायला लागा आणि शेवटचे ३ सेंमी उघडे ठेवा. दोरा तोडू नका, लोंबता राहू द्या, भरून झालं की त्यानेच पुढे शिवा. उघडी जागा वळणावर ठेवली तर तिथे हमखास फुगवटा येतो.

कापसाच्या गुठळ्या होतात. उशीत भरतात तो फायबर घ्या, हरभऱ्याएवढी चिमूट, आधी तोंडात आणि वशिंडात, मग पोटात. ढकलायला पेन्सिलीची बोथट बाजू. एकदम मोठा गोळा कोंबला तर टोकं रिकामीच राहतात.

आकार काढायला जेल पेन नको, पांढऱ्यावर डाग राहतो. बटर पेपरवर आकृती काढून तो सेलोटेपने फेल्टवर चिकटवा आणि कागदासकट कापा. लहान मुलाच्या हातात जाणार असेल तर मण्यांचे डोळे लावू नका, दोऱ्याने भरा.

पेठेतला_शिंपी
चादरीचं सांगतो. चालेल, पण ती विणलेली आहे, कापली की सुटणार. ४ सेंमीच्या झुलीला चारही बाजूंनी १ सेंमी जास्त कापा. कडेपासून १ सेंमी आत बारीक उलटटाक्याची एक ओळ घाला आणि त्या ओळीबाहेरचे कडेला समांतर असलेले धागे ओढून काढा. आपोआप झालर तयार. चादरीची मधली नक्षी एवढ्याशा नंदीवर ओळखूच येत नाही, किनारीची बारीक पट्टी घ्या. टॉवेलच्या कापडाच्या नादी लागू नका, कापल्यावर त्याचे फासे गळतच राहतात.

होटगी_रोडकर
बसवतो नंदीला. फेल्ट कडक आहे, साधारण २ मिमी जाड. चालेल?

काजटाका
अंगाला नको, वळणावर भरून येत नाही आणि सुई अडते. १ मिमीचं मऊ घ्या. हे कडक फेल्ट शिंगांना वापरा, एकच थर पुरेल.