'आधुनिक गुलामगिरी'ला आपल्याकडं नेमकं काय म्हणायचं? उचल, बाकी, वेठ

सूतवाला_सोलापूर

शब्दांची मदत पाहिजे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात पगारपत्रक, हजेरी, भरती हे सगळं बघतो. आमचा माल ब्रिटनला जातो. तिथं २०१५ चा मॉडर्न स्लेव्हरी कायदा आहे, वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीनं दरवर्षी जाहीर सांगायचं की आमच्या धंद्यात आणि माल जिथून जिथून येतो तिथं कुणाला जबरदस्तीनं राबवलं जाऊ नये म्हणून आम्ही काय केलं. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये तसलाच कायदा केला. मग आमचा माल घेणारा तिथला बायर आम्हाला फॉर्म पाठवतो, आम्ही सूत देणाऱ्याला पाठवतो, डाईंगवाल्याला पाठवतो, आणि सगळे 'नाही, नाही, नाही' असं टिक करून परत पाठवतात.

आता बायर म्हणतोय कामगारांना कळेल असा बोर्ड मराठीत लावा. एजन्सीनं करून दिलेलं मराठी असं आहे: 'आमची कंपनी आधुनिक गुलामगिरी व मानवी तस्करीबाबत शून्य सहनशीलता बाळगते.' खात्यातल्या चारपाच जणांना वाचून दाखवलं. गुलामगिरी म्हटल्यावर त्यांना साखळदंड आठवला, तस्करी म्हटल्यावर सोनं आणि गांजा. हे आपल्याबद्दल लिहिलंय असं एकालाही वाटलं नाही. मग या बोर्डाचा उपयोग काय? योग्य शब्द सुचवा, अगदी मनापासून विचारतोय.

उत्तर_कसबा

'शून्य सहनशीलता' आधी काढा सर. 'अजिबात चालणार नाही' म्हणा, एवढं साधं आहे.

माणसांच्या 'तस्करी'ला कायद्याच्या मराठीत 'अपव्यापार' असा शब्द आहे, संविधानाच्या २३ व्या कलमात तो आणि वेठबिगार दोन्ही एकत्र येतात. शब्द चांगला आहे पण बोर्डावर तोही कुणाला कळणार नाही. 'फसवून आणणे, विकणे' असं लिहिलं तर कळेल.

वेठबिगारबद्दल थोडं. वेठ म्हणजे मोबदला न देता सक्तीनं करून घेतलेलं काम, मूळ संस्कृत विष्टि असं सांगतात, आणि बिगार फारसीतून आला. दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच, तरी जोडून एक शब्द झाला. वाईट याचं वाटतं की 'वेठीस धरणे' आता उलटाच वापरला जातो. एसटी किंवा सफाई कामगारांनी संप केला की लगेच बातमी, 'नागरिकांना वेठीस धरले'. ज्यांना वेठीला धरायचे त्यांच्याच नावावर आपण तो वाक्प्रचार चढवला.

कुंभारी_घरकुल

आमच्यात हा शब्द मेलेला नाही ओ. आमची घरं तेलुगू बोलणारी, आजोबा-पणजोबा निजामाच्या तेलंगणातून मागावर काम करायला सोलापूरला आले. घरात म्हातारी माणसं अजून 'वेट्टी चाकिरी' म्हणतात, म्हणजे देशमुखाकडं, तिथल्या जमीनदाराकडं, फुकट राबणं. १९४६ पासून तिकडं जो सशस्त्र लढा झाला त्यात ही वेट्टी हा मोठा मुद्दा होता. ते वेट्टी आणि तुमचं वेठ कानाला तर एकच लागतं.

आणि आम्ही राहतो ती विडी कामगार बायकांची वसाहत गोदूताई परुळेकरांच्या नावाची. इथल्या किती पोरांना माहितीय की १९४५ ला तलासरी-डहाणूकडं गोदूताईंनी वारली आदिवासींची वेठ बंद पाडली? तिथं 'लग्नगडी' असा शब्द होता. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि मग नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडं राबून फेडायचे, ते फिटायचेच नाहीत. वसाहतीच्या कमानीवर ज्यांचं नाव आहे त्यांच्या कामाचा हा शब्द आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

भीमाकाठ

मी ऊस वाहतूकदार, पंढरपूर साईडचा. इथं कुणीतरी लगेच 'उचल', म्हणजे सीझनआधी मजुराला दिलेले आगाऊ पैसे, आणणार म्हणून आधीच लिहितो. उचल म्हणजे गुलामगिरी हे मला पटत नाही. आम्ही कर्ज काढून मुकादमाला, म्हणजे तोडणीची टोळी आणणाऱ्याला, पैसे देतो, सीझनच्या तोंडावर मुकादमाचा फोन बंद, टोळी दुसऱ्याच कारखान्यावर गेलेली. जिल्ह्यात किती वाहतूकदार यात बुडाले ते पोलीस स्टेशनला जाऊन विचारा. मग गुलाम कोण आणि मालक कोण?

वकीलताई

भीमाकाठ दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि ते कुणी नाकारत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. उचल देणं-घेणं हाच गुन्हा असं कायदा म्हणत नाही. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा बघतो ते हे, की उचलीपायी माणसाचं काय गेलं. दुसरीकडं कामाला जायची मोकळीक गेली का, गावाबाहेर जायची गेली का, किमान वेतनाच्या खाली राबावं लागतंय का. यातलं एकही असेल तर ती वेठबिगार, मग त्यानं अंगठा स्वखुशीनं दिलेला का असेना. आणि मग ते कर्ज कायद्यानं संपलेलं असतं, वसूलच करता येत नाही. हे वेठबिगारीचं कर्ज नाही असं सिद्ध करायची जबाबदारीसुद्धा पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडं करायची, जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असायला पाहिजे.

मुकादमानं फसवलं तर तुम्ही मुकादमावर केस करा, जरूर करा. पण त्यापोटी टोळीतली बाई, पोरं, बैल अडकवून ठेवणं हे कुठल्याच कायद्यात बसत नाही.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल यात महत्त्वाचे. १९८२ चा दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांचा, त्यात कोर्ट म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, कारण पोटाची सक्ती हीदेखील सक्तीच. आणि १९८४ चा फरीदाबादच्या दगडखाणींचा, बंधुआ मुक्ती मोर्चाचा, त्यात असं की सक्तीनं काम करून घेतलंय हे दिसलं की त्यामागं उचल आहे असं धरूनच चालायचं.

सूतवाला_सोलापूर

ताई, हे वाचून फॉर्ममधला घोळ लक्षात आला. फॉर्म विचारतो 'आपल्याकडे गुलाम आहेत का', कोण हो म्हणेल? विचारायला पाहिजे 'बाकी असताना काम सोडता येतं का'.

आमच्या मागाच्या धंद्यात न फिटलेल्या उचलीला शब्द 'बाकी' हाच आहे. 'त्याच्या अंगावर बाकी आहे.' बाकी असलेला माणूस दुसऱ्या कारखान्यात जायचा झाला तर नवीन मालकानं जुन्याची बाकी भरायची, की बाकी त्याच्यासोबत तिकडं. कागदावर पगार बरोबर, पीएफ बरोबर, ऑडिटवाला येतो, रजिस्टर बघतो, चहा पितो, सही करून जातो. बाकी लिहिलेली असते वेगळ्या वहीत, आणि ती वही ऑडिटच्या टेबलावर कधीच येत नाही.

उत्तर_कसबा

आणखी एक निरीक्षण. ऑफिसातल्या माणसानं घेतली की ती 'अ‍ॅडव्हान्स', मजुरानं घेतली की 'उचल'. आणि ऊसतोडीत माणसाला शब्दच नाही बघा, नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा आला तर 'अर्धा कोयता'. 'यंदा बीडकडून वीस कोयते आणले' असं आपण सहज बोलतो, म्हणजे चाळीस माणसं. दांडी मारली की त्याला 'खाडा', आजारी असलं तरी खाड्याचे पैसे कापले जातात, आणि ते परत उचलीतच जमा होतात म्हणजे फेडायची रक्कम वाढते. बाई बाळंतीण असली तरी खाडा. 'आधुनिक गुलामगिरी' म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्यात समजून सांगायचं असेल तर मी उचल, बाकी, खाडा एवढे तीन शब्द सांगेन, चौथा लागणार नाही.

भीमाकाठ

खाड्याचं बरोबर आहे, मी स्वतः पाहिलंय ते. पण मग कारखान्याला पण विचारा. कारखाना करार आमच्याशी करतो, आम्ही मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी, सगळ्यात वरचा म्हणतो माझा मजुराशी संबंधच नाही.

वकीलताई

दादा, अगदी हाच मुद्दा! 'पुरवठा साखळी' हा शब्द जड वाटतो पण तुम्ही आत्ता जी उतरंड सांगितली तीच ती. जोखीम एकेक पायरी खाली ढकलत शेवटी जिच्याकडं काहीच नाही अशा बाईच्या अंगावर बाकी म्हणून चढते. उपाय मग वरूनच करावा लागतो, कारखान्यानं मजुराशी थेट करार करायचा, टनाचे पैसे थेट तिच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही, उचलीचा हिशोब तिच्या हातात लेखी द्यायचा. युरोपियन युनियननं २०२४ मध्ये सक्तीच्या मजुरीनं बनलेला माल विकायलाच बंदी केलीय, डिसेंबर २०२७ पासून लागू. म्हणजे पुढं फॉर्मवर टिक करून भागणार नाही.

टॉवेलवाल्यांनी सूत कुठून येतं तेही बघावं. तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाची पद्धत होती, गरीब घरच्या मुलींना तीन वर्षं हॉस्टेलात ठेवायचं, बाहेर फिरू द्यायचं नाही, आणि शेवटी लग्नाला म्हणून एकरकमी पैसे. मधेच सोडलं तर ते बुडाले. नाव किती मंगल, आणि आत तोच लग्नगडी.

कुंभारी_घरकुल

विडीत उचलीपेक्षा दुसरं आहे. हजार विडीला मोजून पानं देतात, कमी पडली तर पदरच्या पैशानं आणायची, नंतर त्यातली काही 'छाट' म्हणून बाजूला काढतात, त्याची मजुरी नाही. ताई म्हणतात तसं किमान वेतनाखाली गेलं की सक्ती, तर हे पण त्यातच धरा. आणि 'बाकी' तेलुगूत पण बाकीच, कन्नडमध्ये पण. सोलापूरच्या तिन्ही भाषांत चालणारा शब्द सापडला की.

सूतवाला_सोलापूर

सगळ्यांचं घेऊन असा मजकूर केलाय, बघा:

'अंगावर बाकी असली तरी काम सोडून जाता येतं, कुणी अडवणार नाही. बाकीपायी पगार, आधार कार्ड, एटीएम कार्ड कुणी ठेवून घेतलं तर ते चालणार नाही. कामाला लावण्यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. आजारपणाचा खाडा धरला जाणार नाही. बाकीचा हिशोब मागितला की लेखी मिळेल. यातलं काही वेगळं घडलं तर सांगा.'

खाली हेच तेलुगू आणि कन्नडमध्ये. मालकांकडं मंगळवारी नेतोय. वेगळ्या वहीचं पण बोलणार आहे, ती बंद झाल्याशिवाय बोर्ड लावणं मला पटत नाही.

कुंभारी_घरकुल

छान झालंय. फक्त 'सांगा'च्या पुढं कुणाला ते लिहा, आणि तो माणूस जॉबरच्या (खात्यात कामगारांवर देखरेख करणाऱ्याच्या) किंवा मुकादमाच्या नात्यातला नको, नाहीतर कोण सांगणार. कारखान्याबाहेरचा एक नंबर पण द्या. आणि बोर्ड गेटवर नका लावू, तिथून सगळे घाईत जातात. कांडीच्या खात्यात, सूत गुंडाळतात तिथं, लावा, बायका तिथं असतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारची वाचून दाखवेल.