जेएनडीआयमधली सेशनफॅक्टरी : तुमचे अनुभव लिहा

आज एका जुन्या वॉरमध्ये (जावा वेब अ‍ॅपचं पॅकेज) 'जावा:कॉम्प/एन्व्ह' हे जेएनडीआयचं (सर्व्हरवर वस्तू नावाने ठेवायची-शोधायची सोय) नाव दिसलं आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेट ३ लायब्ररीचे दिवस आठवले. सेशनफॅक्टरी, म्हणजे डेटाबेसशी बोलायची सेशनं देणारा ऑब्जेक्ट, बांधायला जड, म्हणून एकदाच बांधायची, जेएनडीआयमध्ये नावाने अडकवायची, सगळ्या सर्व्हलेटांनी (वेब रिक्वेस्ट हाताळणारे क्लास) तिथून घ्यायची. जेबॉस सर्व्हरवर सुरळीत. तेच वॉर टॉमकॅटवर चढवलं की 'कॉन्टेक्स्ट इज रीड ओन्ली', कारण टॉमकॅट अ‍ॅपला त्यात लिहूच देत नाही. हायबरनेट नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचं, बोंब व्हायची पहिल्या लुकअपला, म्हणजे त्या नावाने फॅक्टरी शोधताना. शेवटी आमच्या सीनियर ताईंनी ऑब्जेक्टफॅक्टरी (मागितल्यावर ऑब्जेक्ट बांधून देणारा क्लास) लिहून टॉमकॅटच्या कॉन्फिग फाइलमध्ये, कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये, रिसोर्स म्हणून लावली. तुमच्याकडे काय केलं होतं?

रातपाळी
फॅक्टरी वाटा हो, सेशन नका वाटू! एका क्लायंटकडे हायबरनेटचं सेशनच एचटीटीपीसेशनमध्ये (सर्व्हरवरचा त्या युजरचा साठा) ठेवलेलं. युजरने दोन टॅब उघडले की दोन थ्रेड एकाच सेशनवर, आणि सेव्ह केलेलं भलतंच. गेटकरंटसेशन (चालू कामाचं सेशन देणारी मेथड) आलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

मुळामुठा
+१ लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन (सेशन बंद झाल्यावर न आणलेला डेटा मागितला की येणारी एरर) नुसतं वाचलं तरी पोटात गोळा येतो

पोहेप्रेमी
फॅक्टरीचं सोडा, डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शनं देणारा ऑब्जेक्ट) मी अजूनही जेएनडीआयमधूनच घेते. पासवर्ड सर्व्हरवाल्यांकडे राहतो, टेस्टला आणि प्रॉडला वॉर तेच. ड्रायव्हरचा जार मात्र टॉमकॅटच्या लिबमध्येच हवा. आणि टॉमकॅट ८ पासून मॅक्सअ‍ॅक्टिव्हचं (पूलमध्ये जास्तीत जास्त किती कनेक्शनं) मॅक्सटोटल झालंय. जुनंच नाव राहिलं तर लॉगमध्ये एक ओळ येते नि पूल डिफॉल्ट ८ वर बसतो. सोमवारी सकाळी सगळे लॉगिन करायला लागले की कळतं. कुकर झाला, येते.

गच्चीवरून
जेएनडीआय म्हटलं की मला डिसेंबर २०२१ च आठवतो. लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीत जेएनडीआयमार्गे घुसता येईल असं भोक सापडलं ते प्रकरण. अख्खा वीकेंड जार शोधण्यात गेला, बहिणीचा साखरपुडा व्हिडिओ कॉलवर पाहिला.

मुळामुठा
@गच्चीवरून अरेरे 😟 लग्नाला तरी सोडलं ना?

गच्चीवरून
हो, चार दिवस फोन बंद!

नवीकोरी
आमच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये सगळं इंजेक्ट होऊन (आपोआप हातात) येतं, त्यामुळे हे वाचायला मजा येतेय. एक विचारू? जुनं अ‍ॅप टॉमकॅट १० वर नेतेय, तिथे बऱ्याच जावाएक्स पॅकेजांचं नाव जकार्ता झालंय. जावाएक्स.नेमिंगचं (जेएनडीआयचं पॅकेज) पण जकार्ता करायचं का?

पोहेप्रेमी
नाही गं, ते जेडीकेचं (मूळ जावाचं), तसंच राहू दे. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स वगैरे बदल. अडलं तर एरर टाक इथेच.